उतारवयाचे घर : वाडा, श्राविकाश्रम आणि आजची ज्येष्ठ वसाहत

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने माझ्याकडे लेख मागितला, त्या वेळी मंदिराचा जीर्णोद्धार, पाठशाळा, चातुर्मास हे विषय अधिक अधिकारी व्यक्तींनी आधीच स्वीकारलेले होते. मी कापडाचा व्यापारी, शिक्षण वाणिज्य शाखेचे, लेखणीचा उपयोग बहुतांशी वहीखात्यापुरता. तरीही एका विषयावर लिहिण्याची माझी इच्छा होती व मंडळाने ती मान्य केली, याबद्दल त्यांचा आभारी आहे.

मागील सर्वसाधारण सभेत एक प्रस्ताव आला होता. मंदिरामागील मोकळ्या जागेत समाजातील ज्येष्ठांसाठी स्वतंत्र खोल्यांचे निवासस्थान बांधावे, असा तो प्रस्ताव. चर्चा दोन तास चालली. अखेरीस एक वयोवृद्ध सभासद उठले आणि त्यांनी एवढेच विचारले, "आमची मुले मेली आहेत काय?" सभा स्तब्ध झाली आणि विषय तेथेच राहिला. त्या प्रश्नाला कोणीही उत्तर दिले नाही. मीही दिले नाही. किंबहुना त्या दिवशी माझे मत त्यांच्याच बाजूचे होते. त्यानंतर मी या विषयाचा इतिहास जमेल तसा वाचला, पुण्यास जाऊन एक वसाहत पाहिली आणि माझे मत पूर्वीसारखे राहिले नाही. ते का बदलले, हे येथे मांडत आहे.

प्रथम एक घोटाळा दूर करणे अगत्याचे आहे. सभेत 'वृद्धाश्रम' आणि 'ज्येष्ठ वसाहत' हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरले गेले. वृद्धाश्रमात मनुष्य बहुधा निरुपायाने जातो. तेथे त्याला आश्रय मिळतो. ज्येष्ठ वसाहतीत तो स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या इच्छेने राहतो. दाराची किल्ली त्याच्या कमरेला असते. जेवण, औषधोपचार आणि सोबत यांची व्यवस्था मात्र सामाईक असते. दोन्हींची मुळे निराळी आहेत.

आपल्या परंपरेत घरापासून दूर होणे ही लाजेची गोष्ट कधीच नव्हती. आचार्य समंतभद्रांच्या 'रत्नकरंड श्रावकाचारा'त श्रावकाच्या अकरा प्रतिमा सांगितल्या आहेत. त्यांतील आठवी आरंभत्याग प्रतिमा. येथे श्रावक नोकरी, शेती आणि व्यापार सोडतो. नववीत परिग्रह सोडतो. दहावी अनुमतित्याग प्रतिमा. येथे तो संसाराच्या कामात संमती देणेही थांबवतो. म्हणजे मुलाने दुकानात कोणता माल भरावा, हेसुद्धा सांगायचे नाही. (आमच्या बाजारपेठेत ही प्रतिमा सर्वांत कठीण समजावी लागेल.) या साऱ्या क्रमात मुलांनी बापाला सोडले, असे कोठेही नाही, बापच एकेक पायरीने घर सोडत जातो. प.पू. आचार्य शांतिसागर महाराजांची दृष्टी मंदावली, तेव्हा त्यांनी आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील कुंथलगिरी क्षेत्र स्वतः निवडले आणि १८ सप्टेंबर १९५५ रोजी तेथेच सल्लेखनापूर्वक देह ठेवला. शेवटचा मुक्काम कोठे करावा, हे ज्याचे त्याने ठरवण्याची ही रीत आहे.

त्याचबरोबर सेवेचा आदर्शही आहेच. वैयावृत्त्य हे सहा अंतरंग तपांपैकी एक. निर्विचिकित्सा अंगासाठी उद्दायन राजाचे उदाहरण पाठशाळेतील मुलांनाही ठाऊक असते. व्याधिग्रस्त मुनींनी केलेली वांती त्याने किळस न करता स्वतःच्या हातांनी धुतली. परंतु ही सेवा आपण त्यागी व मुनींच्या संदर्भात शिकलो. घरातील म्हाताऱ्या माणसापर्यंत ती कितपत पोहोचली, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे. मुंबईची पांजरापोळ १८३४ साली सुरू झाली. तिच्या संस्थापकांत शेठ मोतीचंद अमीचंद यांच्यासोबत सर जमशेटजी जीजीभाई हे पारशी गृहस्थही होते. भाकड गाय व लंगडा बैल यांच्यासाठी कायमचा निधी उभा करण्याची बुद्धी व्यापारी समाजास जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी झाली. थकलेल्या माणसासाठी मात्र घर आहेच, असे आपण गृहीत धरले.

ते घर म्हणजे वाडा. निलंग्याच्या जुन्या पेठेत खाली दुकान व मागे राहणे, अशी रचना माझ्या लहानपणी सर्रास होती. दुकानातील वृद्ध गृहस्थ गादीवर लोडाला टेकून बसलेले असत. ते कापड मोजत नसत, हिशेबही लिहीत नसत. परंतु खेड्यावरून आलेले कुळ प्रथम त्यांना नमस्कार करी. कोणाच्या घरी लग्न आहे, कोणास उधार द्यावे, कोणाचे मागील बाकी आहे, हे सारे त्यांच्या स्मरणात असे. त्यांचे उतारवय बसून जाई, पण रिकामे जात नसे. आजच्या कोणत्याही वसाहतीस ही गादी देता आलेली नाही, हा तिचा सर्वांत मोठा दोष मी मानतो, आणि त्यावर मी पुन्हा येणार आहे.

मात्र त्याच वाड्याच्या माजघरात काय होते, हेही लिहिले पाहिजे. पुरुषाचे उतारवय गादीवर गेले, स्त्रीचे चुलीपुढे. प्रतिमा, वानप्रस्थ, निवृत्ती हे सारे शब्द व्यवहारात पुरुषांसाठीच राहिले. सासूबाई थकल्या तर सुनेचे काम वाढे, आणि सून विधवा झाली तर तिच्या वाट्याला घरातील काळोखी खोली येई. या दुःखातूनच आपल्या समाजात स्वतंत्र निवासाची पहिली कल्पना निघाली. शेठ माणिकचंद हिराचंद यांच्या कन्या मगनबाई स्वतः तरुणपणी विधवा झालेल्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी मुंबईत श्राविकाश्रम उभा केला. पुढे सोलापूरला श्राविकाश्रमाचे मोठे केंद्र झाले व पंडिता सुमतीबाई शहा यांनी ते वाढवले. तेथे राहावयास गेलेली स्त्री आश्रित म्हणून बसून राहिली नाही. ती शिकली, शिक्षिका झाली आणि तिने दुसऱ्या स्त्रियांना शिकवले. घराबाहेरचे घरही मानाचे असू शकते, हे आपल्याच समाजातील स्त्रियांनी शंभर वर्षांपूर्वी सिद्ध केले. त्या सभेत मला हे सुचले असते, तर मी त्या सभासदांना नम्रपणे सांगितले असते.

ब्रिटिश अमदानीत वृद्ध व अपंगांसाठी काही संस्था निघाल्या. पुण्याच्या नवी पेठेतील डेव्हिड ससून अनाथ पंगू गृह, ज्याला आज 'निवारा' म्हणतात, ते १८६०च्या दशकातील आहे. ससून हे बगदादहून मुंबईस आलेले ज्यू व्यापारी. त्यांच्या व्यवहारात कापूस व कापडाबरोबर अफूही होती, आणि दानही मोठे होते. असो. त्यांचे गृह निराधारांसाठी होते. महाराष्ट्रात १९९५ साली आलेल्या युती शासनाने प्रत्येक जिल्ह्यात 'मातोश्री वृद्धाश्रम' काढण्याची योजना आखली. काही जागा विनामूल्य व काही सशुल्क ठेवल्या. वृद्धाश्रमात पैसे भरून राहणारा मनुष्यही असू शकतो, हे यामुळे प्रथमच जिल्ह्याच्या गावी सर्वांच्या डोळ्यांसमोर आले.

आपल्या भागापुरते पाहिले, तर वाड्याचा शेवट दोन गोष्टींनी झाला. पहिली ३० सप्टेंबर १९९३ची पहाट. किल्लारीच्या भूकंपात जाडजूड दगडमातीच्या भिंतींनीच माणसे गाडली. पुढे बावन्न गावांचे पूर्ण स्थलांतर झाले. नवी घरे सुटीसुटी, रस्ते रुंद, अंतरे लांब. सुरक्षिततेसाठी ते आवश्यकच होते. परंतु शेजारच्या ओसरीवर सहज जाऊन बसणारी म्हातारी माणसे त्या रुंद रस्त्यांवर एकाकी पडलेली मी उधारी वसुलीच्या फेऱ्यांत पाहिली आहेत. भारतीय जैन संघटनेने त्या वेळी सुमारे बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्यास नेले, याचा आपणा सर्वांस सार्थ अभिमान आहे. वृद्धांचे काय करावे, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नव्हता, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

दुसरी गोष्ट शिक्षणाची. 'लातूर पॅटर्न'ने आपली मुले डॉक्टर-इंजिनिअर केली. दहावीनंतर मूल लातूरला जाते, तेथून पुण्यास, तेथून बंगळूर किंवा परदेशी. ते निलंग्यास परत येते ते दिवाळीला व पर्युषणात, तेही रजा मिळाली तर. यात मुलांचा दोष नाही. आपणच त्यांना या वाटेवर पाठवले. शिवाय मुलेही आता मोजकीच. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जैन समाजाचा एकूण जननदर १.६ होता. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातील साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण ९.९ टक्के होते, देशाच्या ८.६ टक्क्यांहून अधिक. एक मुलगा पुण्यात, एक मुलगी हैदराबादेत आणि आईवडील निलंग्याच्या तीन मजली घरात, असे चित्र आपल्या प्रत्येक गल्लीत आहे. मुले जिवंत आहेत, सुस्वभावी आहेत, आणि येथे नाहीत.

या नव्या परिस्थितीत ज्येष्ठ वसाहती निघाल्या. पुण्यात परांजपे स्कीम्स यांनी 'अथश्री' हे नाव दिले. इतिश्रीच्या उलट, म्हणजे येथून आरंभ, असा त्याचा अर्थ. मुंबईच्या डिग्निटी फाउंडेशनने नेरळला अशीच वसाहत केली. जगात ही कल्पना गाजली ती अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातील सन सिटीमुळे. १ जानेवारी १९६० रोजी डेल वेब या बांधकाम व्यावसायिकाने ती लोकांना पाहण्यास खुली केली व पहिल्या तीन दिवसांत सुमारे एक लाख लोक येऊन गेले, असे सांगतात.

पुण्यातील एका वसाहतीत माझे एक नातेवाईक सपत्नीक राहतात; त्यांच्याकडे मी चार दिवस राहिलो. व्यवस्था उत्तम होती. स्नानगृहात धरावयास दांड्या, पलंगाशेजारी घंटेचे बटण, कोठेही उंबरा नाही. आपल्या घरांतील निसरड्या मोऱ्या आणि उभे जिने आठवून मला लाज वाटली. गेल्या काही वर्षांत आपल्या समाजात मांडीचे हाड मोडून अंथरूण धरलेल्यांची नावे वाचकांनीच आठवावीत. पण मला विशेष वाटले ते आमच्या वहिनींचे. पन्नास वर्षे त्यांनी स्वयंपाकघर सांभाळले होते. येथे जेवण सामाईक भोजनगृहातून येते. सकाळी त्या निवांत स्वाध्याय करीत बसलेल्या मी आयुष्यात प्रथमच पाहिल्या. "भाऊजी, मला आत्ता निवृत्ती मिळाली," असे त्या म्हणाल्या. स्वतंत्र वसाहतीच्या बाजूने मला एवढाच मुद्दा ऐकवला असता, तरी पुरला असता.

नातेवाईक स्वतः मात्र इतके सुखी दिसले नाहीत. त्यांचे दुकान मोठे होते, बाजारात शब्दाला किंमत होती. वसाहतीत सारेच निवृत्त; कोणाला कोणाचे काही विचारावयाचे नाही. व्याख्याने, गाणी, सहली होत असतात. दुपारी चारच्या सुमारास ते फाटकापाशी जाऊन रखवालदाराशी गप्पा मारत. त्याच्या मुलीच्या शाळेच्या फीविषयी त्यांना सविस्तर माहिती होती. मला गादी आठवली. शिवाय आहाराची अडचण होती. भोजनगृह शाकाहारी असले तरी सायंकाळचे जेवण दिवेलागणीनंतरचे, कंदमुळांचे बंधन नाही. त्यामुळे संध्याकाळी सूर्यास्तापूर्वी वहिनींना पुन्हा गॅसपाशी उभे राहावे लागेच. मंदिर रिक्षाच्या अंतरावर. पावसाळ्यात नित्यदर्शन चुके.

एकाच वयाची माणसे एकत्र ठेवण्याचा आणखी एक परिणाम आहे. सन सिटीच्या रहिवाशांनी परिसरातील शाळांसाठी काढावयाच्या कर्जरोख्यांस मतदानात वारंवार विरोध केला व शेवटी तो भाग त्या शाळा-जिल्ह्यातून वेगळाच झाला. ज्यांच्या अंगणात मूल खेळत नाही, त्यांना शाळेचा कर जड वाटतो. शिवाय अशा ठिकाणी मृत्यूची वार्ता फार वेळा येते. माझ्या चार दिवसांच्या मुक्कामात सूचनाफलकावर एक छायाचित्र लागले, आणि जाता-येता प्रत्येक जण क्षणभर थांबून पुढे जाई.

पैशाचा प्रश्न मी व्यापाऱ्याच्या दृष्टीने पाहिला. सदनिका विकत घेतली म्हणजे खर्च संपला, असा आपला समज असतो. खरा खर्च मासिक देखभालीचा, आणि तो वाढतच जातो, तर आपल्या ठेवीवरील व्याज तेवढेच राहते किंवा घटते. दुसरा धोका चालकाचा. लवासात ज्येष्ठांसाठीचा प्रकल्प झाला होता. २०१८ साली लवासाच्या कंपनीवरच दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. सत्तरीतील मनुष्याने असे डबघाईचे शहर सोडून जावयाचे कोठे? केंद्राने २०१९ साली निवृत्तिगृहांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि २०२४ साली महारेराने बांधकामाचे निकष लागू केले. दारे किमान ९०० मिलिमीटर रुंद, उतार, उद्वाहक वगैरे. दार रुंद असण्याची हमी त्यामुळे मिळाली. वीस वर्षांनी ते दार उघडावयास कोणी असेल, याची हमी कायदा देत नाही.

या बाबतीत मला जर्मनीतील आउग्सबुर्ग या शहराचे उदाहरण फार मोलाचे वाटते. तेथे हान्स फुगर नावाचा विणकर १३६७ साली आला. त्याच्या वंशजांनी कापड, खाणी व सावकारी यांत अफाट संपत्ती मिळवली. त्यांपैकी याकोब फुगर याने १५२१ साली गरजू नागरिकांसाठी छोट्या घरांची वसाहत स्थापन केली. 'फुगराय' म्हणून ती आजही चालू आहे. वर्षाचे भाडे एक ऱ्हेनिश गिल्डर, म्हणजे आजचे ८८ युरो सेंट, आणि संस्थापकासाठी रोज तीन प्रार्थना. दुसऱ्या महायुद्धात ती बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झाली, पुन्हा बांधली गेली आणि २०२१ साली तिला पाचशे वर्षे झाली. ती टिकली कशावर? विश्वस्त निधीचे उत्पन्न मुख्यतः जंगलाच्या जमिनीतून येते. आपल्या भाषेत, ध्रुवफंड पक्का होता. फाटक रात्री दहाला बंद होते आणि उशिरा येणाऱ्यास किरकोळ दंड असतो, हे वाचून मला आमचे जुने वाडे आठवले. विशेष म्हणजे ही वसाहत शहराच्या आत आहे, बाहेर माळावर नाही.

आता आपल्या प्रस्तावाविषयी. सदनिका बांधून विकण्यास माझा विरोध आहे. एकदा विक्री झाली की वारस येतात, आणि ट्रस्टची जागा वादात सापडते. मोठी इमारतही नको. तळमजल्यावर सहा ते आठ खोल्या, हयातीपुरता राहण्याचा हक्क, परत मिळणारी अनामत, आणि इमारतीच्या खर्चाइतकाच स्वतंत्र ध्रुवफंड आधी जमल्याशिवाय पायाची कुदळ मारू नये. ट्रस्टच्या उद्दिष्टांत ही तरतूद आहे काय, हे धर्मादाय आयुक्तांकडे प्रथम पाहून घ्यावे. स्वयंपाकघर एकच व सूर्यास्तापूर्वीचे, म्हणजे स्त्रियांना खरी निवृत्ती मिळेल आणि चातुर्मासात तेथेच चौका लागेल. पाठशाळा त्याच अंगणात भरते, ती हलवू नये. ग्रंथालयाची व भांड्यांच्या कोठीची वही तेथील ज्येष्ठांकडेच द्यावी. गादी म्हणून ती लहान आहे, पण काहीतरी आहे.

अंथरुणाला खिळलेल्याची शुश्रूषा मात्र आपल्याच्याने होणार नाही, हे आधीच स्पष्ट सांगितले पाहिजे. स्वतंत्र राहता येते तोवरच ही व्यवस्था उपयोगी. त्यापुढे मुलांना यावेच लागेल किंवा दवाखाना गाठावा लागेल. या मर्यादेवर माझ्याजवळ उत्तर नाही, आणि पुण्याच्या वसाहतीतही मला ते समाधानकारक आढळले नाही.

एक व्यवहारी सूचना. खोली मिळो वा न मिळो, कोणीही हयातीत घर-दुकान मुलांच्या नावे बक्षीसपत्राने करताना सांभाळ करण्याची अट त्यात लेखी घालावी. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे अट मोडल्यास ते हस्तांतर रद्द करून मागता येते. अट लिहिलेली नसेल तर भांडण फार लांबते. यात मुलांवर अविश्वास नाही. आपण सख्ख्या भावाशीही भागीदारी करताना करारनामा करतोच.

येत्या सभेत हा विषय पुन्हा पत्रिकेवर आहे. ज्या सभासदांनी तो प्रश्न विचारला होता, ते पत्नीच्या निधनानंतर मुलाकडे हैदराबादला असतात. मुलगा व सून त्यांना फुलासारखे जपतात, हे मी पाहून आलो आहे. मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला होता. सकाळच्या अभिषेकाला हल्ली किती जण असतात, असे त्यांनी विचारले. पाच, मी सांगितले. थोडे थांबून ते म्हणाले, "त्या खोल्या मंदिराच्या बाजूनेच उघडणार ना?"